जुन्या जाहिरातींमधली ‘विलायती’ औषधं आठ महिने वापरून, आता लिहितेय

आठ महिने पूर्ण झाले म्हणून आता लिहायला बसले. पंधरा दिवसांत लिहिलं असतं तर सगळं छान छानच लिहिलं गेलं असतं, कारण सुरुवातीला वास आणि डबी बघूनच मन खूश होतं. वापरलं काय काय ते आधी सांगते: इनो, अमृतांजन बाम, ग्राइप वॉटर, लाल साबण, आणि त्यांच्या जोडीला आपला घरचा काळा बोळ. बोळ कुठून आला ते पुढे येईलच.

हे डोक्यात आलं ते ग्रंथालयातून. जुन्या मराठी मासिकांचं स्कॅनिंग चालू आहे तिथे मी शनिवारी मदतीला जाते. 1890 ते 1920 च्या दरम्यानचे अंक. बाइंडिंग करणाऱ्यांनी बहुतेक ठिकाणी जाहिरातींची पानं काढून टाकलेली असतात, कोणाला त्यात काही ठेवण्यासारखं वाटलं नसणार, पण एखाद्या वर्षाच्या गठ्ठ्यात ती राहून जातात आणि मग माझा अख्खा शनिवार तिथेच जातो. बाटलीचं चित्र, चौकट, खाली ‘किंमत इतके आणे, ट. ख. निराळा’, म्हणजे टपालखर्च वेगळा. ‘व्ही. पी. ने मागवा’, म्हणजे पार्सल हातात आल्यावर पोस्टात पैसे द्या. म्हणजे मुंबईत फोर्टात केम्प, ट्रेचर अशी मोठी साहेबी दुकानं होती, तिथे जायची आपल्यातल्या किती जणांची हिंमत होती कोण जाणे, पण व्ही. पी. मुळे तालुक्याच्या गावातला कारकूनसुद्धा पोस्टमनच्या हातात पैसे देऊन तीच बाटली घरी घेऊ शकत होता. विलायती माल घराघरात पोचण्यात दुकानाइतकाच पोस्टाचा हात आहे असं माझं ठाम मत झालंय.

आणि दावे काय! हिवताप, पित्त, अशक्तपणा, रक्तदोष, स्त्रियांचे विकार, सगळं एकाच बाटलीत. आत काय आहे ते मात्र एका ओळीतही नाही. तेव्हा मी ठरवलं की यातलं जे आजही मेडिकलमध्ये मिळतं ते आणायचं, नीट वापरायचं, आणि लेबल वाचायचं.

सुरुवात बीचमच्या गोळ्यांपासून करते, त्या मी वापरलेल्या नाहीत, पण त्यांच्यामुळेच बाकीचं कळलं. इंग्लंडातल्या थॉमस बीचमच्या या गोळ्या, जाहिरात अशी की एक डबी गिनीच्या मोलाची, म्हणजे 21 शिलिंग. विकायची 1 शिलिंग दीड पेनीला. ही विचित्र किंमत मला खूप दिवस कळेना. मग कळलं की वरची दीड पेनी म्हणजे सरकारी कर. ब्रिटनमध्ये अशा औषधांवर तिकीट लावावं लागायचं, ते डबीवर चिकटवलेलं असायचं, आणि लोकांना वाटायचं सरकारने औषध पास केलंय! तो फक्त कर होता. अशा औषधांना ‘पेटंट औषधं’ म्हणायचे, त्या ‘पेटंट’ शब्दाचंही तेच. खरं पेटंट घ्यायचं तर कृती उघड करावी लागते, यातल्या बहुतेकांनी ते कधी घेतलंच नाही, नाव आणि लेबल तेवढं रजिस्टर केलं आणि कृती झाकून ठेवली.

मग 1909 साली ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने या गुप्त औषधांचं पृथक्करण करून छापलं. बीचमच्या गोळीत निघालं काय, तर एलो, सुंठ आणि साबण. 56 गोळ्यांच्या डबीतल्या मालाची किंमत अर्धा फार्दिंग. पेनीचा आठवा भाग! मी कागदावर हिशोब केला, विकायची किंमत मालाच्या शंभर पटीहून जास्त निघते.

आता एलो म्हणजे काय? कोरफडीचा वाळवलेला रस. म्हणजे काळा बोळ! मी हे सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “अगं मग आमच्याकडे होताच की तो फडताळात, त्याला कशाला बोट पाठवायची विलायतेला?” मला त्या वाक्याने खरंच गलबलून आलं. सुंठही घरात, बोळही घरात, आणि त्याच दोन वस्तू गोल करून, डबीत घालून, साता समुद्रापलीकडून येऊन आपल्याच लोकांना विकल्या जात होत्या.

म्हणून काष्ठौषधीच्या दुकानातून काळा बोळ आणला आणि वैद्यांना विचारून दोनदा घेतला, अगदी चिमूटभर. पोट साफ होतं पण कळ येते, जोरात येते. हे जुलाबाचं औषध आहे, रोज घ्यायचं नाही, गरोदरपणी तर अजिबात नाही. आपल्या घरातलं आहे म्हणून सौम्य असेल असं मानू नका, हे मी मुद्दाम लिहितेय. ज्यांनी बीचमच्या गोळ्या वर्षानुवर्षं रोज घेतल्या असतील त्यांच्या आतड्यांचं काय झालं असेल.

आता इनो. न्यूकॅसलचा जेम्स क्रॉसली इनो, त्याचं फ्रूट सॉल्ट. जुन्या जाहिरातीत रक्तशुद्धीपासून तापापर्यंत सगळं. आजच्या पाकिटावर स्वर्जिक्षार आणि निंबुकाम्ल, म्हणजे खाण्याचा सोडा आणि लिंबातलं आम्ल. आठ महिन्यांत मी साधारण वीसेक वेळा घेतलं, लग्नाच्या पंगतीनंतर, दिवाळीत, एकदा मिसळीनंतर. जळजळ दहा मिनिटांत बसते, यात काही शंका नाही, आम्ल आणि क्षार एकत्र आले की असंच होणार. पण मधे एक आठवडा मी रोज रात्री घेत होते आणि ते चूक होतं. पित्त रोज होत असेल तर कारण शोधायला हवं, माझं कारण उशिरा जेवण आणि चार कप चहा हे निघालं. आणि यांना बीपी आहे, खाण्याच्या सोड्यात सोडियम भरपूर, त्यामुळे डॉक्टरांनी त्यांना अशी कुठलीही पावडर घेऊ नका म्हणून सांगितलंय. ढोकळ्यात मात्र आमच्याकडे जातंच.

बामबद्दल मी थोडी हळवी आहे. अमृतांजन 1893 साली मुंबईतच सुरू झालं, काशीनाधुनी नागेश्वरराव नावाच्या तेलुगू गृहस्थांनी सुरू केलं, संगीताच्या मैफिलींमध्ये फुकट वाटून नाव केलं म्हणतात, आणि त्या कमाईवर 1908 साली मुंबईतूनच आंध्र पत्रिका काढली. पुढे दोन्ही मद्रासला गेलं. विलायती बाटल्यांच्या गर्दीत आपल्या माणसाने स्वतःची बाटली उभी केली आणि तिच्या पैशातून वर्तमानपत्र चालवलं, मला हे फार मोठं वाटतं. वापराचं सांगायचं तर डोकं दुखताना कपाळाला लावलं की गार वाटतं, चित्त दुसरीकडे जातं, झोप लागते. मानेला जास्त फरक जाणवला. बामांमध्ये साधारणपणे पुदिन्याचं सत्त्व म्हणजे मेन्थॉल, कापूर, निलगिरी आणि गंधपुऱ्याचं तेल असतं, त्या गंधपुऱ्यातला घटक अ‍ॅस्पिरिनच्या कुळातला, म्हणून ठणका कमी होतो. दुखण्याचं मूळ जात नाही. माझं मूळ लॅपटॉपची उंची हे होतं, खाली तीन जाड पुस्तकं ठेवल्यावर डबी दोन महिने पुरायला लागली. लहान बाळाच्या नाकाजवळ कापूरवालं काही लावू नका, हे आमच्या बालरोगतज्ज्ञांनी बजावून सांगितलंय.

आणि त्यांच्याकडे जायचं कारण ग्राइप वॉटर. धाकट्या जाऊबाईंचं बाळ दीड महिन्याचं असताना संध्याकाळी दोन-दोन तास रडायचं, सासूबाईंनी बाटली मागवली, मी ती हातात घेऊन बसले कारण मला तिचा इतिहास माहीत होता. नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्डचं हे औषध 1851 चं. मूळ कृतीत शेपूचं तेल, खाण्याचा सोडा, साखर, पाणी, आणि 3.6 टक्के अल्कोहोल! तान्ह्या बाळाला. आजीने आईला सांगितलं, आईने मला, अशी त्याची विलायतेतली जाहिरात होती, आणि आपल्या टीव्हीवरही पिढ्यान्‌पिढ्यांचीच जाहिरात लागायची, आठवत असेल. आताच्या बाटलीत अल्कोहोल नाही. नाव तेच, औषध तेच नाही. मी स्वतः दोन चमचे घेऊन बघितलं, गोड, आणि मागे शेपूचा वास. बाळंतशोप आपण बाळंतिणीला देतो, तोच वास. इथेही तीच गोष्ट.

डॉक्टर म्हणाले सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको, बाळ वजन घेतंय ना, मग खांद्यावर घ्या, ढेकर काढा, वाट बघा. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. बाटली फ्रिजवर तशीच राहिली. साडेतीन महिन्यांचं झाल्यावर रडं आपोआप थांबलं. बहुतेक बाळांचं याच सुमाराला थांबतं, आणि घरात बाटली चालू असेल तर श्रेय बाटलीला जातं, एवढं साधं आहे ते.

पण खरी अंगावर काटा आणणारी बाटली म्हणजे क्लोरोडाइन, ती सुदैवाने माझ्या यादीत येऊच शकत नव्हती. डॉ. जॉन कॉलिस ब्राउन, हिंदुस्थानात नोकरी केलेला ब्रिटिश लष्करातला डॉक्टर, त्याने कॉलऱ्यासाठी बनवलं. त्यात लॉडॅनम म्हणजे अफूचा अर्क, भांगेचा अर्क आणि क्लोरोफॉर्म. जुलाब थांबायचे हे खरं, अफूने थांबतातच, दुखणंही कळेनासं व्हायचं. पण कॉलऱ्यात माणूस जातो ते अंगातलं पाणी आणि क्षार संपल्यामुळे, ते काही अफू भरून देत नाही. आज आपण साखर-मीठ-पाणी देतो. आणि या बाटलीची सवय लागून माणसं उद्ध्वस्त झाली, काही मेलीही.

लाल साबणाबद्दल थोडक्यात. लाइफबॉय 1895 च्या सुमाराला आपल्याकडे आला, पुढच्याच वर्षी मुंबईत प्लेग. कार्बोलिकचा तो वास म्हणजे स्वच्छता असं त्या पिढीने मनात धरलं असणार. 2002 साली तो कार्बोलिक अवतार बंद झाला, त्यामुळे आता आणलात तर आजोबांच्या न्हाणीघराचा वास मिळणार नाही, मी खूप अपेक्षेने आणला होता. साबण म्हणून चांगला आहे. त्याच साबणांच्या दुनियेतली पिअर्सची 1899 ची जाहिरात बघितली, गोऱ्या माणसाचं ओझं हलकं करायला स्वच्छतेचे गुण शिकवा असा मजकूर. शिकेकाई, उटणं, रोजची आंघोळ असलेल्या देशात तो साबण येत होता, हे वाचून मला त्या दिवशी पुढचं काम करवेना.

आपल्याकडे औषधांच्या दर्जाचा देशव्यापी कायदा 1940 साली आला आणि चमत्कारी दाव्यांच्या जाहिरातींवर 1954 साली बंदी. म्हणजे आज मी पाकिटावर घटक वाचू शकते ही सोय माझ्या पणजीला नव्हती. आठ महिन्यांत माझ्यात झालेला बदल एवढाच, दुकानात उभं राहून मागची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय पैसे देत नाही. मेडिकलवाला आता स्वतःच भिंग काढून देतो.

परवा सासूबाईंच्या कपाटात एक पुडी सापडली. गुडघेदुखीची, जत्रेतल्या कोणाकडून तरी घेतलेली, तीन महिने घेतायत, म्हणे फार गुण आहे. पुडीवर देवाचं चित्र, फोन नंबर, आणि आत काय आहे ते कुठेच नाही. अशा बिनलेबलाच्या चूर्णांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं, आणि ते असेल तर एकदम बंद करणंही धोक्याचं. त्यामुळे पुडी फेकलेली नाही, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलीय. या शनिवारी ग्रंथालयात जाणार नाही, सासूबाईंना आणि त्या पुडीला घेऊन डॉक्टरांकडे जाणारे.