घडीचा क्रेफिश सापळा: जाळ्याला पैकीच्या पैकी, चेनला भोपळा

चेन गेली. जाळं धड आहे, कड्या धड आहेत, दोन्ही टोकांची नरसाळी धड आहेत. क्रेफिश म्हणजे नदीतला, कोळंबीचा नांग्यावाला भाऊबंद; त्याला पकडायच्या या सापळ्यात गेली ती आमिषाच्या पिशवीची बोटभर चेन. हंगाम संपल्यावर सावकाश लिहायचं ठरवलं होतं, पण वॉरंटीच्या तक्रारीला विक्रेत्याचं उत्तर आलं आणि राहवलं नाही. म्हणे, पाण्यामुळे झालेली खराबी वॉरंटीत धरत नाहीत. अहो, क्रेफिशचा सापळा आहे. तो काय दिवाणखान्यात टांगायचा?

मापं जाहिरातीत आहेत, सगळी परत देत नाही. इंग्लंडच्या नियमात ती बसतात, एवढं स्वतः टेप लावून पाहिलंय: लांबी ६०० मिलिमीटरच्या आत, रुंदी ३५०च्या आत, तोंड ९५च्या आत. यातलं तोंडाचं माप सगळ्यात महत्त्वाचं, कारण त्याहून मोठ्या तोंडातून पाणमांजर आत शिरतं आणि बुडून मरतं. याच विक्रेत्याचा मोठा सापळा या मापात बसत नाही आणि तसं कुठेही लिहिलेलं नाही, तेव्हा थोडे जास्त टाकून मोठाच घेऊ हा मोह आवरा. एन्व्हायर्न्मेंट एजन्सीची, म्हणजे इथल्या सरकारी पर्यावरण खात्याची, परवानगी लागते, ती फुकट असते, आणि त्यांचा बिल्ला सापळ्याला बांधावा लागतो. जमीनमालकाचा होकार वेगळा घ्यायचा. स्कॉटलंडमधल्यांनी पुढे वाचायचे कष्टही घेऊ नयेत. तिथे खाण्यासाठी म्हणून क्रेफिश पकडायला परवानगी मिळत नाही.

मी दक्षिण इंग्लंडमधल्या केनेट नदीवर लावतो. संध्याकाळी टाकायचा, सकाळी काढायचा. क्रेफिश रात्री फिरतात. सापडतो तो सिग्नल क्रेफिश, १९७०च्या दशकात अमेरिकेतून मत्स्यशेतीसाठी आणलेला आणि मग नद्यानद्यांत पसरलेला. नांगी उलटी करून बघा: खालून लालभडक, आणि वरच्या बाजूला सांध्यावर पांढरट-निळा ठिपका. नांग्या खालून मळकट पांढऱ्या दिसल्या तर तो इथला मूळचा क्रेफिश असू शकतो. त्याला कायद्याचं संरक्षण आहे, लगेच पाण्यात सोडायचा. सिग्नलचा नियम बरोब्बर उलटा: एकदा हातात आला की, कितीही छोटा असो, परत सोडणं बेकायदा.

पकडण्याच्या कामात हा सापळा उत्तम. जाळं मऊ असल्याने नांग्या अडकतात आणि एकेक सोडवताना जीव मेटाकुटीला येतो, हे खरं. पण २२ पौंडांत याहून जास्त अपेक्षा मीही ठेवली नव्हती.

आता चेन. आमिष मोकळं टाकलं तर पहिले दोनचार शहाणे ते फस्त करून टाकतात, म्हणून पिशवी. कल्पना चांगली. पण तिला लावलाय धातूचा स्वस्त रनर, जो नदीच्या गाळात दुसऱ्यांदा बुडाला की करकरायला लागतो आणि पुढे गंजून जागीच बसतो. पहाटे गार पडलेल्या, आमिषाच्या बांगड्याच्या डोक्याने बुळबुळीत झालेल्या बोटांनी तो ओढून दाखवा. शिवाय चेनीच्या दोन्ही बाजूंना कापडाची दुहेरी पट्टी आहे. बाकीचं जाळं उन्हात वाळतं, ही पट्टी आतून ओलीच राहते. हे मी उगाच उगाळत नाहीये. सिग्नल क्रेफिश आपल्याबरोबर एक बुरशीसारखा रोग घेऊन फिरतो. त्याला स्वतःला बहुधा काही होत नाही, पण इथला मूळचा क्रेफिश त्याने पटापट मरतो. ओल्या जाळ्यातून हा रोग एका नदीतून दुसरीत जातो. म्हणून सामान तपासा, धुवा, पूर्ण वाळवा असं सगळीकडे सांगतात. आणि या महाशयांनी नेमकी न वाळणारी जागा शिवून ठेवलीय.

वरचं लिहिल्यानंतर दोन गोष्टी घडल्या. विक्रेत्याने पाकिटातून नुसता एक रनर पाठवला, सदिच्छा म्हणून. तो एक नंबर लहान निघाला. दुसरी गोष्ट अशी की कचऱ्यात जाणाऱ्या प्लास्टिकच्या छोट्या डबीला तापल्या खिळ्याने भोकं पाडून मी ती केबल टायने आत बांधली, आणि ती पिशवीपेक्षा कितीतरी सरस निघाली. धुतली की कोरडी. म्हणजे पिशवीची गरजच नव्हती! मग चेन भिकार आहे यापेक्षा ती मुळात कशाला लावली, हा राग जास्त येतो. तरी सापळ्याबद्दलचं मत मात्र सुधारलं. आधी दोन तारे देणार होतो.

‘पकडा, खा, नदी वाचवा’ हे जाहिरातीतलं वाक्य मनावर घेऊ नका. यॉर्कशरमध्ये संशोधकांनी एका ओढ्याचा भाग कोरडा करून मोजणी केली, तेव्हा आमिषाच्या सापळ्यात सापडण्याएवढे मोठे क्रेफिश निघाले जेमतेम २.३ टक्के. वर हे मोठेच धाकट्यांना खातात, ते काढले की पोरांना रान मोकळं. आपण जेवण काढतोय, एवढंच समजावं.

जेवणही काठावरच सुरू होतं, कारण कायद्याने जिवंत घरी नेता येत नाहीत. म्हणजे स्वच्छ पाण्यात ठेवून पोट साफ करून घेण्याचा जो सल्ला सगळे देतात, तो इथे बाद. मारून नुसते पिशवीत भरून नेले तर शेपटीचं मांस पिठूळ होतं. मी बर्फात ठेवून सुन्न करतो, छोट्या गॅस स्टोव्हवर भरपूर मिठाचं पाणी खळखळ उकळून त्यात सोडतो आणि पुन्हा उकळी आली की पाच मिनिटं. रंग लाल होतो. शेपटीच्या पंख्यातलं मधलं पान पिळून हळू ओढलं की काळा दोरा अख्खा बाहेर येतो. तुटला तर पाठीवर चीर देऊन काढा, आळस नको. मांस निघतं वजनाच्या मानाने फारच थोडं. मोठ्या नराच्या नांग्या फोडायच्या लायकीच्या असतात, बाकीच्यांच्या सोडून द्या. लोणी, लसूण, लिंबू, बस्स. चव कोळंबीपेक्षा गोडसर. कवचं फेकू नका, परतून पाण्यात उकळली की सूपचं काम भागतं.

ऑक्टोबरात पाणी गारठलं की क्रेफिश फारसे हलत नाहीत, तेव्हा घ्यायचाच तर उन्हाळ्याच्या तोंडावर घ्या, आणि आल्या आल्या पिशवी कात्रीने कापून टाका.

तारे तीन. विक्रेता म्हणतो, रनर बसत नसेल तर परत पाठवा, टपालखर्च तुमचा. अडीच.