हेराल्ड: पिकअप शून्य, पण वळते काय राव!
दोन वर्षं झाली स्टँडर्ड हेराल्ड ही जुनी कार चालवून, तर खरं सांगतो. मद्रासला बनलेली, इंग्लंडच्या ट्रायम्फची बहीण, 948 सीसी, पिकअपच्या नावानं बोंब. पण बॉनेट उघडलं की मडगार्डासकट अख्खं तोंडच पुढं झुकतं, टायरवर बसून इंजिनचं काम करा बे! आणि वळते कशी, 25 फुटांत, नागपुरात महालच्या गल्लीत रिव्हर्स न मारता पलटवली तर ऑटोवाला बघतच राहिला.

मे महिन्यात मात्र वर्धा रोडच्या सिग्नलवर पेट्रोलची वाफ होऊन जी बसली, फ्युएल पंपावर ओला फडका गुंडाळून अर्धा तास रसवंतीत काढला. पार्ट शोधता शोधता चपला झिजल्या, एसी तर सोडाच. पण फुटाळा तलावावर लावली की कोणीतरी आजोबा येऊन दारावर हात फिरवतातच. विकतो का विचारतात, काहून विकू?