पहाटे पळायला उठवणार कोण: गजर, जोडीदार, ग्रुप की सरळ संध्याकाळ?

नागपुरात ‘सकाळी पळू की संध्याकाळी’ या प्रश्नाचं उत्तर महिन्यागणिक बदलतं. मेच्या अखेरीस नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो तेव्हा सूर्य साडेपाचलाच वर आलेला असतो, सातच्या आत ऊन चटका देऊ लागतं आणि संध्याकाळी साडेसातलाही डांबर तापलेलंच असतं. याच शहरात मे २०१३ मध्ये पारा ४७.९ अंशांवर गेला होता. जानेवारीत मात्र सूर्योदयालाच पावणेसात उलटून जातात, आणि डिसेंबर २०१८ च्या अखेरीस पारा ३.५ पर्यंत उतरला होता. एप्रिलमध्ये लावलेला पावणेपाचचा गजर डिसेंबरातही तसाच ठेवणारा माणूस डिसेंबरात हरतो आणि दोष आपल्या आळसाला देतो. चूक बहुतेक वेळा घड्याळातल्या आकड्याची असते.

मार्ग चार: एकट्याने गजरावर उठणं, जोडीदार धरणं, ग्रुपमध्ये नाव घालणं, किंवा पहाटेचा नाद सोडून संध्याकाळी पळणं. चौघांना मोजायची फूटपट्टी मात्र एकच ठेवावी. झोपेतून उठल्यावर पहिली पंधरा ते तीस मिनिटं मेंदू पुरता जागा नसतो. गाढ झोपेतून उठलो तर जास्तच वेळ. त्या गुंगीत ‘जाऊ का आज?’ असं स्वतःला विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. म्हणून कोणत्याही मार्गाला एवढंच विचारायचं: त्या अर्ध्या तासात हा मला किती निर्णय घ्यायला लावतो?

एकट्याचा गजर

फुकट आहे, वेळ तुमची, वेग तुमचा, आणि ऋतूप्रमाणे गजर सरकवायला कुणाची परवानगी लागत नाही. पण चारही मार्गांत सगळ्यात जास्त निर्णय इथेच घ्यावे लागतात, म्हणून तयारीही याचीच सगळ्यात जास्त.

गजर एकच लावा. साडेचार, चार चाळीस, चार पन्नास अशी माळ लावली की पहिले दोन खोटे आहेत हे डोक्याला चार दिवसांत कळतं, आणि मग तिसराही खोटाच वाटतो. स्नूझ दाबून मिळणारी पाच-दहा मिनिटांची झोप तुटक असते. तिने ताजेपणा येत नाही, उशीर तेवढा होतो. फोन हातभर अंतरावर नको, खोलीच्या दुसऱ्या टोकाला, रिकाम्या स्टीलच्या डब्यात ठेवा. ‘हॉलमध्ये ठेवा’ हा सल्ला इथल्या उन्हाळ्यात चालत नाही, कारण कूलरच्या घरघरीत हॉलमधला गजर ऐकू येत नाही. त्यापेक्षा कूलरलाच टायमर लावून गजराच्या दहा मिनिटं आधी तो बंद होईल असं करा. मे महिन्यात कूलर थांबल्यावर झोपून राहणारा नागपूरकर विरळाच.

हिवाळ्यात खेळ उलटा होतो. तिथे अडचण दुलईची असते, त्यामुळे पळायचा टी-शर्ट घालूनच झोपणं आणि स्वेटर उशाशी ठेवणं हे हास्यास्पद वाटलं तरी चालतं. उठल्याबरोबर ट्यूबलाइट लावा. अंधारात मोजे शोधणारा माणूस परत झोपतो.

तयारीचा हिशेब रात्रीच करायचा. बूट दाराशी, लेस सैल केलेल्या, मोजे आत कोंबलेले, चावी बुटात. गजर ते गेट यासाठी ३५ मिनिटं धरा: पाच पाणी पिऊन जागं व्हायला, पंधरा शौचाला, पाच कपड्यांना, बाकीची चुकामुकीला. शौचाची पंधरा मिनिटं लोक हिशेबातच धरत नाहीत. खरं तर बरेच नवखे महिन्याभरात गळतात ते झोपेमुळे नाही, तर तिसऱ्या किलोमीटरला पोटात कळ येते म्हणून. उठल्याउठल्या २००-२५० मिली कोमट पाणी घ्या आणि रात्रीचं जेवण आठ-साडेआठला आटपा. बऱ्याच जणांचं एवढ्यावर भागतं. पाऊण तासापर्यंतच्या संथ धावेला वेगळं खाणं लागत नाही. फार तर अर्धं केळं किंवा दोन खजूर. मधुमेहावर इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर मात्र उपाशीपोटी पळण्याआधी डॉक्टरांशी बोलाच.

सात वाजता उठणाऱ्याने उद्यापासून पाचला उठायचं ठरवलं तर तो जेमतेम आठवडाभर टिकतो. दर तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे या, म्हणजे दोन तासांना आठ टप्पे, सुमारे चोवीस दिवस. झोपायची वेळही तितकीच अलीकडे यायला हवी, आणि गाडी अडते ती नेमकी इथे. आयपीएलचा सामना साडेसातला सुरू होऊन अकराच्या पुढे संपतो, लग्नांचा मोसमही त्याच दिवसांत, आणि पहाटे पळण्याची सगळ्यात जास्त गरजही त्याच दिवसांत! साडेअकराला पाठ टेकली तर सात तासांची झोप साडेसहाला पूर्ण होते. अशा रात्रीनंतर गजर बंद ठेवून झोपावं. सहा तासांपेक्षा कमी झोपेवर पळून मिळतं थोडं, आणि दुसऱ्या दिवशीचा गजर आणखी जड जातो. रविवारी मात्र रोजच्यापेक्षा तासाभराहून जास्त झोपू नका, नाहीतर शरीराचं घड्याळ पुन्हा मागे सरकतं आणि सोमवारचा गजर बुडतो.

हा मार्ग तुटतो बहुधा तिसऱ्या आठवड्यात. एकवीस दिवसांत सवय लागते असं सगळीकडे सांगतात. बाविसाव्या दिवशी अंथरूण सोडवेना की माणूस स्वतःला नालायक ठरवतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या २०१० च्या अभ्यासात नवी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागलेले दिसले, आणि माणसागणिक फरक १८ ते २५४ दिवसांचा. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यातच आढळलं. लागोपाठ दोन दिवस चुकू द्यायचे नाहीत, एवढा एक नियम मात्र पाळा.

जोडीदार

अर्धवट झोपेत निर्णय घ्यायचा नसेल तर याच्याइतका स्वस्त उपाय नाही. शंकरनगरच्या कोपऱ्यावर कुणीतरी उभं आहे हे माहीत असलं की पाय आपोआप जमिनीला लागतात. स्वतःला दिलेला शब्द मोडता येतो, दुसऱ्याला ताटकळत ठेवायची लाज वाटते.

पण नियम नसलेली जोडी एकट्यापेक्षा लवकर बुडते. पहाटे ४.५०ला ‘येऊन राहिला का?’ असा मेसेज गेला की उत्तर येतं, ‘नको बे, आज राहू दे’, आणि दोघंही अपराधी न वाटता झोपतात. म्हणून यायचं की नाही हे रात्री नऊच्या आत सांगायचं, त्यानंतर फोनला हात लावायचा नाही. भेटायचं ते कुणाच्या घरी नाही, रस्त्यावरच्या ठरलेल्या जागी. घरी गेलं की चहा होतो. पाच मिनिटं वाट पाहायची आणि निघायचं, न रागावता. जाऊन कुणाला उठवायचं तर अजिबात नाही. जो उठवतो तो दोन महिन्यांत कंटाळतो.

वेग जुळणं मैत्रीपेक्षा महत्त्वाचं. किलोमीटरला ४५ सेकंदांहून जास्त फरक असेल तर एक जण रोज धापा टाकतो आणि दुसरा रोज रेंगाळतो. बोलत पळता आलं तर जोडी जमली असं समजा. आणि शक्य असेल तर तिघं व्हा: एक बाहेरगावी गेला तरी जोडी उरते. दोघांचं पळणं बंद पडण्याचं कारण बहुतेकदा भांडण नसतं, एकाची बदली नाहीतर घरातलं लग्न असतं.

हिवाळ्यात साडेसहापर्यंत अंधार असतो, तेव्हा बायकांसाठी आणि मोकाट कुत्र्यांच्या वस्तीतून जाणाऱ्या कुणासाठीही दुसरं माणूस सोबत असणं ही सोय राहत नाही, अट होते. कुत्रं अंगावर आलं तर पळू नये. थांबून, पाठ न दाखवता, सावकाश मागे सरावं.

ग्रुप किंवा प्रशिक्षक

इथे निर्णय जवळपास शून्य: जागा ठरलेली, वेळ ठरलेली, आज काय पळायचं तेही ठरलेलं. फी भरलेली असते, तिचा धाक पहिला महिना चांगला काम करतो, मग विरतो. पुढे टिकवतात ती माणसं. पळणं झाल्यावर तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर जमणारा घोळका ही काहींची खरी प्रेरणा असते, आणि त्यात वाईट काही नाही. फक्त चार किलोमीटर पळून दोन प्लेट तर्री-पोहे खाल्ले तर वजन का उतरत नाही याचं कोडं पडू देऊ नका.

धोका वेगळाच आहे. ग्रुपमध्ये नवखा माणूस दुसऱ्याच्या वेगाने पळतो. पहिल्या दोन आठवड्यांत दम वाढतो, पण नडगीचं हाड आणि टाचेचा स्नायूबंध इतक्या लवकर तयार होत नाहीत. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नडगी आतल्या बाजूने ठणकू लागते, महिनाभर विश्रांती घ्यावी लागते आणि उठण्याची सवयही त्यात जाते. ग्रुप निवडताना म्हणून फीच्या आधी एवढंच विचारा: सगळ्यात हळू पळणाऱ्यासोबत कुणी असतं का? दुसरं, पहिले सहा आठवडे चालणं-पळणं मिसळून घेतात का, म्हणजे दोन मिनिटं पळणं, दोन मिनिटं चालणं, असं वीस-पंचवीस मिनिटं? उत्तर ‘इथे सगळे दहा किलोमीटर करतात’ असं आलं तर दुसरा ग्रुप पाहा.

आणखी एक उणीव: ग्रुपची वेळ तुमच्या घराच्या वेळेशी जुळेलच असं नाही. साडेपाचला शाळेचा डबा असणाऱ्या घरात पाचची बॅच कागदावरच राहते.

संध्याकाळ

पहाटेवाल्यांना हे ऐकवत नाही, पण शरीराच्या दृष्टीने संध्याकाळ सोपी. शरीराचं तापमान पहाटे, नेहमीच्या उठण्याच्या दोनेक तास आधी, सगळ्यात खाली असतं आणि दुपार ढळल्यावर वरच्या टोकाला जातं. स्नायू सैल असतात, तोच वेग हलका वाटतो. पहाटे पळताना पहिली आठ-दहा मिनिटं चालावंच लागतं, आणि उठल्याउठल्या वाकून पायाचे अंगठे धरणं टाळावं, कारण रात्रभरात मणक्यातल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. संध्याकाळी हे सगळं वाचतं. गुंगीचा प्रश्न तर नाहीच.

निर्णयांचा मात्र आहे. ऑफिसातून निघायला उशीर, वाटेत भाजी, पाहुणे, वर्धा रोडवरची गर्दी: संध्याकाळ दिवसभरातल्या प्रत्येक गोष्टीशी झगडते. पहाटेला एकच शत्रू असतो. म्हणून संध्याकाळ निवडली तर घरी न जाता पळायचं. बूट आणि कपडे गाडीच्या डिक्कीत ठेवा. एकदा सोफ्यावर बसलात की संपलं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा मार्ग नागपुरात उत्तम. थंडीत पहाटे धूर आणि धूळ जमिनीलगत साचून राहते, ऊन पडल्यावरच वर उठते, त्यामुळे डिसेंबरात पाचला पळण्यात शौर्य असेल, शहाणपण नाही. पळायचंच तर पावणेसातनंतर. मार्चच्या मध्यापासून संध्याकाळ हातातून जाते. जूनपासून गडगडाटी पाऊसही बहुधा दुपारनंतरच गाठतो.

गेटपासून की गाडी काढून?

हा प्रश्न कोणी विचारत नाही, पण उठवणं-न उठवणं पुष्कळदा इथेच ठरतं. फुटाळ्याचा काठ, अंबाझरी, सिव्हिल लाइन्सचा झाडीचा रस्ता, सेमिनरी हिल्सचा चढ: जागा सुंदर आहेत, पण मानेवाड्याहून किंवा जरीपटक्याहून तिथे जायचं म्हणजे गजर वीस मिनिटं आधी, आणि गाडी, हेल्मेट, पार्किंग असे तीन जादा अडथळे. आठवड्याचे दिवस गेटपासून पळा, गल्लीतल्या चकरा कंटाळवाण्या असल्या तरी. फुटाळा रविवारसाठी राखून ठेवा. सेमिनरी हिल्सचा चढ पहिले दोन महिने चालतच चढावा.

मग कोणी काय घ्यावं

रात्री साडेदहाच्या आत झोपू शकत असाल आणि आजवर एखादी तरी सवय एकट्याने लावली असेल, तर गजर पुरे. दोनदा सुरू करून दोनदा सोडलं असेल तर तिसऱ्यांदा गजराचा आवाज बदलून काही होणार नाही. जोडीदार शोधा, तोही वेगाने जुळणारा. आयुष्यात कधीच पळाला नसाल, चाळिशी उलटली असेल, तर हळू घेणारा ग्रुप, आणि त्याआधी एकदा रक्तदाब-साखर तपासणी. शिफ्टची नोकरी, लहान मूल किंवा अकरानंतरच शांत होणारं घर असेल तर संध्याकाळ घ्या आणि पहाटेवाल्यांचं ऐकून खजील होऊ नका. अशा घरांसाठी एप्रिल-मेचे दोन महिने जिमच्या ट्रेडमिलवर काढणंही चालतं. पट्ट्याला एक टक्का चढ ठेवा आणि पंख्याखालची मशीन पकडा.

सुरुवात करायचीच असेल तर नागपुरात ती ऑक्टोबरच्या मध्याला करा. पहाट सुसह्य असते, सूर्य सव्वासहाच्या सुमारास उगवतो, आणि उन्हाळ्याचा पावणेपाचचा गजर येईपर्यंत हातात पाच महिने असतात. एप्रिलमध्ये सुरू करणाऱ्याला उठायची सवय आणि उकाडा दोन्ही एकदम शिकावं लागतं. तेव्हा सुरू करायचं ठरलंच तर पहिले पंधरा दिवस पळूच नका. फक्त पाचला उठून बूट घालायचे, कोपऱ्यापर्यंत चालत जायचं आणि परत यायचं.