ॲव्हरेज वाढवणाऱ्या वस्तू: सहा-सात महिने लावून, काढून, मोजून आलेला अनुभव

गाडी २०१८ची स्विफ्ट, १.२ पेट्रोल, मॅन्युअल. एआरएआयचा, म्हणजे गाड्यांची अधिकृत चाचणी घेणाऱ्या संस्थेचा, आकडा लिटरला २२ किलोमीटर. पुण्यात रोजचं ऑफिस आणि बहुतेक शनिवार-रविवारी साताऱ्याला घरी. शहर आणि हायवे मिळून माझ्या हातात ती साडेसतरा ते अठरा देते.

या काळात मी गाडीवर पाच गोष्टी करून पाहिल्या: ओबीडी सॉकेटमध्ये (गॅरेजवाले गाडीतला बिघाड तपासायला स्कॅनर जोडतात ते) खोचायचा 'फ्युएल सेव्हर', पेट्रोलच्या पाइपवर बसवायचं मॅग्नेट, धुऊन परत वापरता येणारा परफॉर्मन्स एअर फिल्टर, टायरमधली हवा आणि छतावरचा कॅरिअर. घाईत असाल तर निकाल एवढाच: पहिल्या तिघांनी मोजता येईल असा काहीही फरक पडला नाही. शेवटच्या दोघांनी पडला, आणि त्या दोघांनाही वेगळे पैसे लागत नाहीत.

पण मला खरं सांगायचंय ते मोजण्याबद्दल. कारण यातली कुठलीही वस्तू विकत घेतलेला माणूस मनापासून सांगतो की 'माझ्या गाडीला दोन किलोमीटर वाढले', आणि तो खोटं बोलत नसतो. त्याने एक टाकी आधीची धरलेली असते, एक नंतरची, आणि त्या दोन टाक्यांत खरोखरच दोन किलोमीटरचा फरक आलेला असतो.

म्हणून मी पहिले काही आठवडे गाडीला काहीच केलं नाही. फक्त वही ठेवली: तारीख, ओडोमीटर, लिटर, एसी किती, कुठे गेलो. काहीही न बदलता एकेका टाकीचा आकडा १६.४ पासून १९.३ पर्यंत हलत होता. गाडी तीच, ड्रायव्हर तोच, पंप तोच. ॲव्हरेज दहा टक्के वाढवून देतो म्हणणाऱ्या वस्तूचा अख्खा दावा या चढउतारात आरामात बसतो. हा पट्टा आधी माहीत नसेल तर पुढचं सगळं मोजणं वाया जातं.

इतका फरक येतो कुठून? मोठा वाटा टाकी भरण्याचा. नोझलचा ऑटो कट दर वेळी एकाच पातळीला होत नाही. गाडी किती तिरकी उभी आहे, पेट्रोल किती वेगाने सोडलंय, फेस किती आलाय यावर तो ठरतो. त्यात कट झाल्यावर 'राउंड फिगर करू का' म्हणून पंपावरचा माणूस अजून थोडं घालतो. सातारा जाऊन-येऊन साधारण सव्वादोनशे किलोमीटर, म्हणजे बारा-साडेबारा लिटर. त्यात अर्धा लिटर इकडे-तिकडे झालं की चार टक्क्यांची चूक घरबसल्या तयार. त्याउलट, दर वेळी टाकी फुल्ल करत गेलात आणि शेवटी सगळ्या लिटरांची एकत्र बेरीज केलीत, तर मधल्या भरण्यांमधल्या चुका आपोआप पुसल्या जातात. या वेळी कमी भरलं गेलं तर पुढच्या वेळी तेवढंच जास्त जातं. चूक उरते ती फक्त पहिल्या आणि शेवटच्या भरण्याची. दीड हजार किलोमीटरला ऐंशीच्या वर लिटर लागतात. त्यात अर्धा लिटर म्हणजे जेमतेम ०.६ टक्के. म्हणून मी कुठल्याही वस्तूचा निकाल दीड हजार किलोमीटरच्या आत काढला नाही.

पाळलेले बाकीचे नियम: एकच पंप, शक्यतो तेच नोझल, गाडी त्याच दिशेला उभी, सकाळची वेळ, पहिल्या कटला थांबायचं. पंप माप बरोबर देतो का ही शंका असेल तर तिथेच पाच लिटरचं प्रमाणित माप मागता येतं. ते पंपावर ठेवणं बंधनकारक आहे, आणि मागायला संकोच करू नये.

हिशेबात एक खाच आहे. एका टाकीला २० आणि दुसरीला १० असेल तर सरासरी १५ येत नाही. शंभर किलोमीटरला पाच लिटर आणि पुढच्या शंभरला दहा लिटर म्हणजे दोनशेला पंधरा लिटर, १३.३ झाले. टाक्यांच्या आकड्यांची सरासरी काढू नका. सगळे किलोमीटर भागिले सगळे लिटर.

गाडीतल्या स्क्रीनवरचा आकडा? इंजिनात पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला यावरून ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, तो काढतो. माझ्या गाडीत तो खऱ्यापेक्षा जवळपास एक किलोमीटर जास्त दाखवतो. आपल्या चालवण्याची आजची-कालची तुलना करायला ठीक आहे. पण डिझेल गाडीला ताकद वाढवणारा ट्युनिंग बॉक्स लावून स्क्रीन बघणाऱ्यांनी जपावं. हे बॉक्स बऱ्याचदा रेलमधला (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला) दाब कमी आहे असं ईसीयूला भासवतात, मग दाब वाढतो, जास्त डिझेल जातं, आणि ईसीयूला मात्र ते पोचलेलंच कळत नाही. स्क्रीनवर ॲव्हरेज वाढतं, पंपावर वाढत नाही.

आता रस्ता. सातारा पुण्यापेक्षा उंचावर आहे. या चाचण्यांच्या काळात जाताना खंबाटकीचा घाट चढावा लागायचा, येताना बोगद्यातून यायचो. नुसत्या परतीच्या आकड्यावर कुठलीही वस्तू छान दिसेल. त्यामुळे जाणं-येणं मिळूनच मोजायचं. पावसाळ्यात आणखी गुंता: ओल्या रस्त्यावर टायरला पाणी ढकलत जावं लागतं, समोरून वारा असतो, काचेवरचं धुकं घालवायला एसी चालू असतो. एप्रिलमध्ये वस्तू लावली आणि जुलैशी तुलना केली तर आपण पाऊस मोजतोय, वस्तू नाही.

यावर उपाय ट्रकवाल्यांच्या चाचणीत सापडला. एसएई जे१३२१ नावाची एक पद्धत आहे. तिच्यात बदल केलेल्या ट्रकसोबत बदल न केलेला दुसरा ट्रक त्याच रस्त्यावर, त्याच वेळी चालवतात आणि दोघांच्या इंधनाचं गुणोत्तर बघतात. वारा, ऊन, ट्रॅफिक दोघांना सारखंच लागतं, म्हणून ते वजा होतं. माझा धाकटा भाऊ पुण्यातच असतो, त्याच्याकडे वॅगन-आर आहे. जमेल तेव्हा आम्ही दोघं एकत्र निघालो, दोन-तीनशे मीटर अंतर ठेवून, हायवेला नव्वदवर. त्याच्या गाडीला काहीच लावलं नव्हतं. एका फेरीला माझी गाडी एकोणिसाच्या वर गेली आणि मला वाटलं की मॅग्नेट काम करतंय. त्याच दिवशी त्याचीही तेवढ्याच टक्क्यांनी वर गेली होती. दुसरी गाडी सोबत नसती तर मी ते श्रेय मॅग्नेटलाच दिलं असतं.

शिवाय वस्तू लावायची, मग काढायची, मग परत लावायची. लावल्यावर वाढलं आणि काढल्यावर उतरलं नाही, तर वाढ तिची नव्हे. पैसे खर्च केल्यावर आपला पाय ॲक्सिलरेटरवर हलका होतो हेही यात उघडं पडतं. मॅग्नेट तर गॅरेजवाल्याकडून कधी लावून, कधी न लावता गाडी घेतली. बॉनेट न उघडता चालवायची आणि काय होतं ते शेवटी विचारायचं.

ओबीडीचा फ्युएल सेव्हर. डबीवर लिहिलंय की पहिले काही दिवस तो तुमची चालवण्याची पद्धत शिकतो आणि मग ईसीयूची सेटिंग्ज नव्याने जुळवतो. फरक शून्य. चाचणी संपल्यावर डबी उघडली. सोळा पिनांच्या या सॉकेटमध्ये सहा आणि चौदा नंबरच्या पिनांवरून गाडीचं कॅन नेटवर्क जातं, म्हणजे गाडीतले कॉम्प्युटर ज्या तारांवरून एकमेकांशी बोलतात त्या. ईसीयूशी बोलायचं तर तिथे एक ट्रान्सीव्हर चिप लागतेच. या डबीत ती नव्हती. बॅटरीची पिन, अर्थिंगची पिन, एक छोटी चिप आणि लुकलुकणारे दिवे. जगभर लोकांनी अशा डब्या उघडून हेच दाखवलेलं आहे. ज्याने गाडीशी एक शब्दही बोलायची सोय ठेवलेली नाही त्याने पेट्रोल वाचवतो म्हणून पैसे घ्यावेत याचा मला मनापासून राग येतो. कारण घेणारा बहुतेक वेळा पेट्रोलचा खर्च जड जातो म्हणूनच घेत असतो.

मॅग्नेट. पेट्रोलचे रेणू 'सुटे' होतात म्हणे. पेट्रोल चुंबकाला ओळखतसुद्धा नाही, आणि आजच्या इंजिनात जवळपास सगळं पेट्रोल तसंही जळतं. न जळता जाणारं इतकं थोडं असतं की तिथून दहा टक्के निघूच शकत नाहीत. मोजमापातही काही नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, अशा शंभराहून जास्त वस्तू तपासल्या आहेत आणि ॲव्हरेज लक्षात येण्याइतकं वाढवणारी एकही तिला सापडलेली नाही.

एअर फिल्टर ही मात्र बरी वस्तू आहे, बनावटही चांगली. पिकअप थोडा मोकळा वाटतो. ॲव्हरेज वाढत नाही, आणि त्याचं कारण सरळ आहे. पेट्रोल इंजिनात किती हवा जायची हे थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) ठरवतो, आणि ऑक्सिजन सेन्सर बघून ईसीयू वजनाने एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा असं साधारण प्रमाण राखतो. फिल्टर मोकळा केला की आपण तेवढाच वेग ठेवायला थ्रॉटल जरा कमी उघडतो, एवढंच. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९मध्ये तर मुद्दाम चोंदवलेल्या फिल्टरवर आधुनिक इंजेक्शनच्या गाड्या चालवून पाहिल्या. पिकअप पडला, ॲव्हरेज पडलं नाही. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत पडलं. फिल्टर चोंदला की ॲव्हरेज जातं हे आपल्या गॅरेजांत अजून सांगितलं जातं, ते त्या गाड्यांचं खरं होतं.

पैशाचा हिशेबही करा. वर्षाला बारा हजार किलोमीटर, लिटरला अठरा, म्हणजे ६६७ लिटर. एक टक्का वाचला तर पावणेसात लिटर, सातशे रुपयांच्या आसपास. फिल्टर चार हजारांचा. खरोखर एक टक्का मिळाला असता तरी पैसे वसूल व्हायला पावणेसहा वर्षं.

हवा. इथे फरक दिसला. गेल्या हिवाळ्यात दोन महिने हवा न बघता चालवल्यावर चारही टायर सहा-सात पीएसआयने खाली आले होते. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे भरल्यावर दोन्ही गाड्यांच्या गुणोत्तरात दीड टक्क्याच्या आसपास सुधारणा दिसली, आणि ती हवा उतरवून परत भरल्यावर पुन्हा दिसली. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा आकडा आहे: चारही टायर सरासरी एक पीएसआय खाली गेले की ०.२ टक्के. माझं त्याच्याशी जुळतं. हवा सकाळी, टायर गार असताना बघा. स्टिकरच्या वर नेऊ नका, ब्रेक लावताना पकड महत्त्वाची. नायट्रोजनने वेगळं काही होत नाही. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच. तो जरा सावकाश गळतो, बास.

कॅरिअर. गावाहून धान्य, पोती आणायची म्हणून वर कायमचा होता. रिकामा कॅरिअर काढला आणि हायवेला पाऊण किलोमीटरच्या आसपास वाढलं, शहरात काही नाही. असंच व्हायला हवं, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो: ८०वरून १००ला गेलात की तो दीडपटीच्या वर. छतावर बंद बॉक्स लावणाऱ्यांचं नुकसान याहून खूप जास्त. अमेरिकन मोजमापात हायवेला ६ ते १७ टक्के येतं. आता मी पोती आणायच्या आठवड्यालाच कॅरिअर चढवतो. शंभरऐवजी ऐंशी-पंच्याऐंशीवर चालवणं याच कारणाने कुठल्याही विकतच्या वस्तूपेक्षा जास्त देतं, आणि साताऱ्याला पोचायला दहा-पंधरा मिनिटं जास्त लागतात.

ईसीयू रीमॅपबद्दल (त्याचं सॉफ्टवेअर बदलून घेण्याबद्दल) थोडक्यात: माझ्यासारख्या टर्बो नसलेल्या पेट्रोलला त्यात फारसं काही नाही. टर्बो डिझेलला ताकद मिळते, पण वॉरंटी आणि पीयूसी दोन्हीचा विचार करून. सीएनजी किट ही वेगळीच गोष्ट. पैसे नक्की वाचतात, पण किलोमीटर किलोमागे मोजले जातात आणि एका किलो सीएनजीत एका लिटर पेट्रोलच्या जवळपास दीडपट ऊर्जा असते. गाडी पंचवीस द्यायला लागली म्हणजे इंजिन सुधारलं असं नव्हे. किट घातलंत तर आरसी बुकात नोंद आणि सिलिंडरची तीन वर्षांनी तपासणी चुकवू नका.

टायर बदलणाऱ्यांसाठी एक गोष्ट, जी दुकानात कुणी सांगत नाही. माझं माप १८५/६५ आर१५. लोक रुंदी वाढवून १९५/६५ आर१५ घालतात. त्याचा व्यास दोन टक्क्यांनी मोठा. म्हणजे प्रत्यक्षात १०२ किलोमीटर गेलात तरी ओडोमीटर १०० दाखवतो, आणि ॲव्हरेज तेवढं पडल्यासारखं दिसतं. माप बदललं तर जीपीएसने लांबचं अंतर मोजून ओडोमीटरचा फरक काढा आणि हिशेबात धरा.

माझेही टायर आता झिजत आलेत, म्हणून पुढची चाचणी कमी रोलिंग रेझिस्टन्सच्या, म्हणजे हलक्या फिरणाऱ्या टायरची, त्याच मापात. तिच्यासाठी बेसलाइन, म्हणजे काहीही न बदलता येणारे आकडे, मात्र नव्याने घेतोय. एक कारण पेट्रोल: त्यात आता इथेनॉल मिसळलेलं असतं, ई१०मध्ये दहा टक्के, ई२०मध्ये वीस. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या दोन-तृतीयांश ऊर्जा असते, आणि माझी गाडी एप्रिल २०२३च्या आधीची, म्हणजे ई२०साठी बनवलेली नाही. मूळ शुद्ध पेट्रोलसाठी बनवून ई१०साठी जुळवलेल्या गाड्यांना ई२०वर ६ ते ७ टक्के ॲव्हरेज कमी मिळेल, असा नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालाचा अंदाज आहे. त्यामुळे तीन-चार वर्षांपूर्वीच्या वहीतले आकडे आज तुलनेला चालत नाहीत, तुमच्याकडचेही. दुसरं, झिजलेला टायर नव्यापेक्षा हलका फिरतो. नवे घातल्यावर आधी ॲव्हरेज थोडं उतरलेलंच दिसणार. ते दोन-तीन हजार किलोमीटर चालले की मगच भावाला वॅगन-आर काढायला सांगेन.