पीएचडीला प्लेटो घ्यावा की न्याय? कोल्हापुरात राहून ठरवणाऱ्यांसाठी

एमए फिलॉसॉफी झालंय, पुढं प्राचीन तत्त्वज्ञानातच काम करायचंय आणि ग्रीक की न्याय (म्हणजे आपलं तर्क आणि प्रमाणांचं जुनं दर्शन) इथं गाडी अडलीय, अशा पोरापोरींसाठी लिहितोय. प्राध्यापकीच्या नेट परीक्षेचा विचार यात आणू नका, त्या सिलॅबसात दोन्ही आहे. नोकरीचंही तेच, सुरुवात कुठूनही केली तरी बहुतेकांची सीएचबीवरच, म्हणजे तासावर पगार.

प्लेटो मला मनापासून आवडतो. त्याच्या संवादांत सॉक्रेटिस समोरच्याला बोलता बोलता कसा कोंडीत पकडतो ते वाचताना रात्र कशी जाते कळत नाही. इंग्रजीत साहित्य ढीगभर, संदर्भाची सोयही पक्की, १५७८ साली स्टेफानुस या प्रकाशकानं काढलेल्या आवृत्तीचे पानक्रमांक आजही चालतात, प्लेटोच्या रिपब्लिकचं ५१४ म्हटलं की जगात कुठंही गुहेच्या दृष्टांताचाच उतारा निघणार. मूळ ग्रीकसुद्धा इंटरनेटवर फुकट.

पण ते वाचायचं कुणाजवळ बसून? मी शिकायला घेतलं होतं. लिपी आली, विभक्त्या संस्कृतमुळं फार परक्या वाटल्या नाहीत, मग क्रियापदं सुरू झाली आणि एकेका वाक्यावर संध्याकाळ जायला लागली, आणि एवढं करून आपण लावलेला अर्थ बरोबर का चूक ते सांगणारं गावात कुणी नाही. निदान मला तरी भेटलं नाही. परगावी ईमेल टाकायचा आणि वाट बघत बसायचं, तोवर डोक्यातला प्रश्नच शिळा होतो. माझा निर्णय खरं तर या एकाच वैतागानं झाला.

न्यायाला अडचणी नाहीत असं नाही. फिलॉसॉफीवाले म्हणतात संस्कृतला जा, संस्कृतवाले म्हणतात हा विषय फिलॉसॉफीवाल्यांचा, गाईड मिळेपर्यंत चपला झिजतात. नव्यन्यायाची, म्हणजे न्यायाच्या नंतरच्या शाखेची, भाषा तर नको नको करते. पण मंगळवार पेठेत एक रिटायर सर आहेत, त्यांच्याकडं न्यायसूत्रांवरचं वात्स्यायनाचं भाष्य ओळीओळीनं वाचता येतं. दुसऱ्या अध्यायात आक्षेप येतो, नदी भरली म्हणजे वर पाऊस झालाच असं कशावरून, पुढं पाणी अडवलं असेल तर? मी म्हटलं, सर, हे तर आपलं अलमट्टी धरणाचं भांडण. तर म्हणाले, "लगेच मान डोलवू नकोस रे, हा पूर्वपक्ष आहे, समोरच्याचा आक्षेप, पुढं वाच." पुढं उत्तर आहेच, नुसतं भरलेलं पात्र बघायचं नाही, पाण्याची ओढ बघायची, फेस, पानं, लाकडं वाहत येतायत का ते बघायचं. पंचगंगेचा पूर बघितलेल्याला हे वेगळं समजवावं लागत नाही.

आणि न्याय घेतला की माणूस इथंच अडकतो असंही नाही. बिमलकृष्ण मतिलाल कलकत्त्याच्या संस्कृत कॉलेजातून हार्वर्डला गेले, नव्यन्यायावरच पीएचडी केली आणि १९७७ ला ऑक्सफर्डला प्रोफेसर झाले. सगळ्यांचं तसं होत नाही, मान्य.

ग्रीक शिकवणारं कुणी मिळत असेल, बाहेर जायची ऐपत असेल तर प्लेटो जरूर घ्या, मी अडवणार नाही. नसेल तर आधी महिनाभर सरांकडं येऊन बसा. भाष्याची प्रत मात्र आपली आणायची, ते स्वतःची कुणाच्या हातात देत नाहीत.