थेट प्रक्षेपण उत्तम, समालोचनाची भाषा मात्र खुपणारी

कोल्हापूरच्या राजर्षी शाहू स्टेडियमवरील फुटबॉल सामने मोबाईलवर थेट दाखवणाऱ्या एका स्थानिक वाहिनीची वर्गणी मी या हंगामात भरली. वडिलांना आता गॅलरीच्या पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून आम्ही दोघे घरीच सामने पाहतो. चित्र स्वच्छ असते, प्रक्षेपण क्वचितच अडकते आणि संघ उतरवणाऱ्या तालमींचा इतिहास समालोचकांना तोंडपाठ आहे. वर्गणी वसूल होते, यात शंका नाही.

खुपते ते या संघांतून खेळणाऱ्या आफ्रिकी खेळाडूंविषयीचे बोलणे. एका सामन्यात अशाच एका मध्यरक्षकाने चेंडू पायाखाली रोखला, मान वर केली, आघाडीचा साथीदार पुढे सरकेपर्यंत क्षणभर थांबला आणि दोन बचावपटूंच्या मधून अलगद पास काढला. त्यावर समालोचक उद्गारले, "काय दांडगी ताकद आहे!" त्या पासमध्ये ताकद नव्हतीच, नजर होती. थोड्याच वेळात पेठेतल्या मुलाने तसाच पास दिला, तेव्हा मात्र "डोकं लावून खेळला" अशी शाबासकी मिळाली. परदेशी खेळाडूचे नावही क्वचित घेतले जाते. तो कुठल्याही देशाचा असो, "नायजेरियन" म्हणून भागवले जाते.

ही खोड केवळ आपल्याकडची नाही. रनरिपीट या डॅनिश संस्थेने २०२० मध्ये युरोपातील चार लीगच्या ८० सामन्यांचे इंग्रजी समालोचन तपासले, तेव्हा ताकदीविषयीचे बोलणे गडद वर्णाच्या खेळाडूंबाबत असण्याची शक्यता ६.५९ पट अधिक आढळली, तर बुद्धीच्या कौतुकातला सुमारे ६३ टक्के वाटा उजळ वर्णाच्या खेळाडूंना मिळाला होता. २००६ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा मुस्लिम क्रिकेटपटू हाशिम आमला याला थेट प्रक्षेपणात दहशतवादी म्हणणारे समालोचक डीन जोन्स यांना समालोचनाचे ते काम गमवावे लागले, कारण तो अपमान उघड होता. कौतुकाच्या सुरात केलेला अन्याय मात्र कोणाच्या कानाला टोचत नाही, आणि म्हणूनच मला तो अधिक गंभीर वाटतो. आमच्या गल्लीत खेळणारा एक मुलगा परवा अशाच एका आफ्रिकी खेळाडूविषयी सहज म्हणाला, "त्याला नुसतं पळवायचं, विचार आपण करायचा." हे तो कुठे शिकला, हे सांगायला नको.

वाहिनीला मी हे सविस्तर कळवले आहे. त्यांच्याकडचे एक तरुण समालोचक खेळाडूचे पूर्ण नाव घेतात, चाल कशी रचली गेली हे समजावून सांगतात; ते बोलत असले की वडील आवाज वाढवायला सांगतात. पुढच्या हंगामाची वर्गणी मी भरणार आहे, मात्र मोठ्या सामन्यांचे समालोचन या तरुण समालोचकांकडे द्यावे, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.