न उघडलेलं हेड आणि साडेतेवीस हजार

आमच्याकडे बाबांची 1986 ची प्रीमियर पद्मिनी आहे. कुणी "काढून टाका आता" म्हटलं की मी विषय बदलतो. या जिव्हाळ्याचा वास गॅरेजवाल्याला लांबूनच येतो, हे मला साडेतेवीस हजार गेल्यावर कळलं.

श्रावणात मुंबईहून येताना कसारा घाटात इंजिनच्या तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकला. इगतपुरीला तासभर थांबलो, पाणी भरलं, हळूहळू नाशिकला घरी आलो. गंमत म्हणजे गावात गाडी तापत नव्हती. गंगापूर रोडच्या सिग्नलला कितीही उभी ठेवा, काटा मध्यावर. साठच्या पुढे नेली किंवा चढ लागला की मात्र वर. सगळं उत्तर यातच होतं, पण मला ते वाचता आलं नाही.

"जुन्या गाड्यांचे स्पेशालिस्ट" म्हणवणाऱ्या एका गॅरेजात गेलो. त्याने ऑइलचं झाकण काढून उलटं धरलं. आत सायीसारखा पिवळट फेस. "काका, हेड गॅस्केट गेलं. पाणी ऑइलमध्ये उतरलंय." हेड म्हणजे इंजिनचं वरचं झाकण; त्याखालचं गॅस्केट पाणी, ऑइल आणि सिलिंडरमधला गॅस वेगळे ठेवतं. मग रेडिएटरमध्ये पाणी भरलं, गाडी चालू केली. बुडबुडे आले. "बघा, कंप्रेशन मारतंय."

त्याने दाखवलं ते खोटं नव्हतं, अर्थ खोटा लावला. पावसाळ्यात गाडी नुसती घर ते भाजीबाजार फिरली की इंजिन पुरतं तापत नाही, आतली वाफ थंड झाकणाला धरते आणि तसा फेस होतो. पाणी खरंच ऑइलमध्ये गेलं असतं तर डिपस्टिकवरचं, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवरचं, ऑइल दुधाळ दिसलं असतं. डिपस्टिक त्याने ओढलीच नाही, मलाही सुचलं नाही. बुडबुडे तर नुकतं पाणी ओतल्यावर अडकलेली हवा निघताना येणारच. गॅस्केट गेलेलं असेल तर ते थांबत नाहीत.

"हेड ॲल्युमिनियमचं आहे काका, तापून वाकलं असणार." हे वाक्य तांत्रिकदृष्ट्या बरोबर, म्हणून मी गप्प. गॅस्केट, हेड फेसिंग (हेडचा तळ घासून सपाट करणं), वॉटर पंप, रेडिएटरचं रॉडिंग (सळ्या घालून नळ्या साफ करणं). आठ दिवस. जुनं सामान मागितलं तर "भंगारवाला घेऊन गेला." पावती कच्ची, त्यावर फक्त "इंजिन काम".

पंधरा दिवसांनी विल्होळीच्या पुढे काटा पुन्हा वर. फोन केला तर म्हणाला, "मग इंजिनच करावं लागेल. पंचेचाळीस धरून चाला."

मित्राने वडाळा नाक्याकडच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे पाठवलं. सगळे त्यांना चाचा म्हणतात. चाचांनी बॉनेटला हात लावायच्या आधी विचारलं, "उभी असताना तापते की पळताना?" उभी तापत असेल तर पंखा, बेल्ट बघायचा, पळताना तापत असेल तर पाणी नीट फिरत नाही. मला ॲक्सिलरेटर दाबायला सांगून स्वतः टॉर्च घेऊन रेडिएटरच्या खालच्या होज पाइपकडे (पाणी इंजिनाकडे नेणारी रबरी नळी) बघत बसले. मग मला खाली उतरवून पाइप बघायला बोलावलं आणि बॉनेटखाली हात घालून स्वतः रेस केली. आयडलला पाइप गोल होता. रेस वाढताच तो चोखलेल्या आंब्यासारखा चपटा झाला. आतली स्प्रिंग गंजून गेलेली, रबर मऊ पडलेलं. पंप पाणी ओढतो, पाइप मिटतो, पाणी अडतं. पाइप बदलायला काहीशे रुपये.

मग त्यांनी हेडचे नट दाखवले. नटांभोवती वर्षानुवर्षांचा काळा थर जसाच्या तसा, कुठे तडाही नाही. "साहेब, याला पाना लागलेलाच नाही."

मी उगाचच रेडिएटरच्या खालच्या टाकीखाली हात फिरवला. 1994 साली शिर्डीला जाताना दगड लागून ती गळायला लागली होती. सिन्नरला बाबांनी डाग मारून घेतला होता, अंगठ्याएवढा, खडबडीत. बोटांना काहीच लागलं नाही. तांब्या-पितळेचा आमचा रेडिएटर काढून त्याने काळा रंग मारलेला दुसरा बसवला होता, तोही आतून क्षारांनी अर्धा बुजलेला.

गॅरेजवर चार चकरा मारून सहा हजार परत मिळाले. ग्राहक आयोगाकडे जायचं म्हटलं तर हातात पुरावा म्हणून ती कच्ची पावती. गाडी सोडताना नटांचे आणि रेडिएटरचे फोटो काढले असते, एखाद्या नटावर नेलपॉलिशचा ठिपका दिला असता, जुनं सामान डिकीत टाकायला सांगितलं असतं, तर गोष्ट वेगळी होती. आणि गॅस्केटचं नाव निघालं की आधी कंप्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर) लावून घ्या. चाचांनी लावला, चारही सिलिंडर जवळपास सारखे.

नवा होज, बसवलेल्या रेडिएटरचं खरंखुरं रॉडिंग आणि कूलंट, सगळे मिळून 2,900 झाले. परवा कसारा चढलो, काटा मध्यावरून हलला नाही. जुन्या बाजारात रेडिएटर दिसला की मात्र मी अजून वाकून खालच्या टाकीला बोट लावून बघतो.